यादीत आहे, म्हणजे जपलंय का? महापालिका, जुने वाडे आणि चुकीचं मोजमाप

संशोधनासाठी विषय शोधणाऱ्यांच्या यादीत एक विषय हमखास असतो: 'अमुक शहरातील वारसा वास्तूंचे जतन : स्थानिक स्वराज्य संस्थांची भूमिका'. विषय चांगला आहे. शहर ओळखीचं, वास्तू डोळ्यांसमोर, महापालिका हाकेच्या अंतरावर. पण आराखडा वाचायला घेतला की ठरलेली तीन प्रकरणं दिसतात. वारसा वास्तूंची यादी, त्यांच्याबद्दलचे कायदे आणि मंजूर झालेला निधी. शेवटी निष्कर्ष येतो की महापालिकेने अधिक लक्ष द्यावे आणि नागरिकांमध्ये जनजागृती करावी. आता मला सांगा, हा निष्कर्ष काढायला चार वर्षं कशाला हवीत? तो तर विषय नोंदवायच्या आधीही माहीत होता.

म्हणून आजच्या लेखात टीका करणार आहे, आणि ती दोघांवर आहे. महापालिका जतनाचं काम मोजताना दोनच गोष्टी मोजतात: किती वास्तू यादीत आल्या आणि किती वास्तूंचं मोठं काम झालं. इमारत उभी राहते ती मात्र तिसऱ्याच गोष्टीवर, म्हणजे दरवर्षीच्या साध्या देखभालीवर. ती कुणी मोजत नाही. दुसरी टीका आपल्यावर, संशोधकांवर आहे. आपणही महापालिकेचंच मोजमाप उचलतो आणि त्यावर तक्ते काढतो.

मी स्वतः विज्ञान शाखेचा आहे, त्यामुळे इतिहासापेक्षा भिंत, चुना आणि ओल यांच्या बाजूनं या विषयाकडे बघतो. तुम्ही समाजशास्त्र, राज्यशास्त्र किंवा वास्तुशास्त्राचे असाल तरी हरकत नाही. मुद्दा सगळ्यांच्या कामाचा आहे.

आधी जबाबदारी कुणाची ते बघू

भारतात जुन्या वास्तू तीन पातळ्यांवर विभागल्या गेल्यात. राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, १९५८ च्या कायद्याखाली. राज्य संरक्षित स्मारकं राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे, महाराष्ट्रात १९६० च्या कायद्याखाली. आणि उरलेलं सगळं? जुने वाडे, मंडया, वाचनालयं, चाळी, पूल, घाट हे सारं नगररचनेच्या कायद्यातून स्थानिक संस्थांकडे येतं. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तू आणि परिसर जपण्याची तरतूद करता येते. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या विषयांमध्ये सांस्कृतिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं हेही आहे.

लक्षात घ्या, संख्येनं सर्वात मोठा गठ्ठा या तिसऱ्या पातळीवर आहे, आणि लोक प्रत्यक्ष राहतात, दुकान लावतात, शाळेत जातात अशा वास्तूही इथेच आहेत. राजवाड्याला तिकीट लावता येतं, पण कसबा पेठेतल्या वाड्यात चार भाडेकरू आणि खाली सायकलचं दुकान असतं. म्हणून स्थानिक पातळीचा प्रश्न वेगळा आहे. 'पुरातत्त्व खात्याचंच छोटं रूप' असं समजून त्याचा अभ्यास केला तर फसगत होते.

यादी काय करते आणि काय करत नाही

मुंबईत १९९५ मध्ये वारशाचे नियम लागू झाले. देशात एखाद्या महानगरासाठी असं पहिल्यांदाच झालं, आणि ते श्रेय द्यायलाच हवं. या नियमांनी वास्तूंच्या श्रेणी ठरवल्या. पहिल्या श्रेणीतल्या वास्तूला जवळपास हात लावायचा नाही, दुसऱ्या श्रेणीत मर्यादित बदल चालतात, तिसऱ्या श्रेणीत जास्त मोकळीक. बदलाचे प्रस्ताव मुंबई वारसा जतन समितीकडे जातात. मालकाचा बांधकामाचा हक्क बुडतो म्हणून त्याला टीडीआरची वाट ठेवली. पुढे बाकीच्या महाराष्ट्रासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, त्यातही वारसा वास्तूंचे नियम आहेत.

आता या सगळ्यातली क्रियापदं बघा. पाडू नये, बदलू नये, परवानगीशिवाय करू नये. यादी 'नको' म्हणू शकते, पण कौल फुटलं तर बदलू शकत नाही, पन्हळीत अडकलेला पाचोळा काढू शकत नाही. वाडा पाडायला बुलडोझर लागतोच असं नाही. पन्हळ तीन पावसाळे तुंबू दिली की काम होतं. पाणी भिंतीत उतरतं, तुळईचं टोक जिथे भिंतीत बसवलेलं असतं तिथे लाकूड कुजतं, मग वासे खाली येतात. यात कुणीच नियम मोडलेला नसतो.

यादीवर विसंबण्याचा धोका केवढा, याचं उदाहरण राष्ट्रीय पातळीवरच मिळतं. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात सांगितलं की प्रत्यक्ष पाहणी केलेल्या १,६५५ स्मारकांपैकी ९२ स्मारकं सापडलीच नाहीत. ही केंद्राची संरक्षित स्मारकं होती, त्यांच्यामागे स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र खातं होतं. कागदावर ती सुरक्षितच होती, कारण पाहणी होईपर्यंत कागदाला जमिनीवरचं काही कळत नाही.

संशोधक म्हणून यातून काय घ्यायचं? 'यादीतील वास्तूंची संख्या' हा जतनाचा मापक नाही, फार तर प्रशासकीय हेतूचा मापक आहे. तुमच्या प्रबंधात 'जतन' हा अवलंबित चल असेल, आणि तुम्ही तो यादीच्या आकड्यानं मोजत असाल, तर पुढची सगळी आकडेमोड कितीही नेटकी असली तरी उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं येणार.

आणखी एक सापळा आहे. 'पहिल्या श्रेणीतल्या वास्तू तिसऱ्या श्रेणीपेक्षा चांगल्या अवस्थेत आहेत, म्हणजे नियमांचा फायदा होतो' असा युक्तिवाद तुम्हाला ठिकठिकाणी दिसेल. पण पहिल्या श्रेणीत मुळात कोण आहे? बहुतेक मोठ्या सार्वजनिक इमारती, ज्यांच्यामागे एखादी सक्षम संस्था आधीपासूनच आहे. श्रेणी मिळाल्यामुळे त्या चांगल्या राहिल्या, की चांगल्या आणि नामांकित होत्या म्हणून श्रेणी मिळाली? हे वेगळं केल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

उद्घाटन होतं ते काम

दुसरं मोजमाप म्हणजे मोठी कामं. इथे एक खरोखर चांगलं उदाहरण घेऊ, म्हणजे टीका एकतर्फी होणार नाही.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. सध्याचं नाव १९७५ मध्ये मिळालं. वास्तू महापालिकेची, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तिची अवस्था वाईट झाली होती. २००३ मध्ये महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. जतनाच्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा जतन पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं.

या प्रकरणावर लिहिताना बहुतेक जण छताच्या सोनेरी नक्षीवर आणि पुरस्कारावर थांबतात. माझ्या मते शिकण्यासारखी गोष्ट करारात आहे. तो फक्त दुरुस्तीचा करार नव्हता. काम संपल्यावर संग्रहालय कोण चालवणार, त्यात तिघांचा वाटा काय, हेही त्याच वेळी ठरलं. दुरुस्तीनंतरच्या दिवसाचा विचार दुरुस्तीच्या आधी झाला होता. आपल्याकडे सहसा याच्या उलट होतं. निविदा निघते, काम होतं, फीत कापली जाते आणि फलक लागतो. पुढच्या पावसाळ्यात छतावर कोण चढणार, हे कुठल्याच कागदावर नसतं.

यामागे वाईट हेतू शोधायची गरज नाही. हिशेबाची रचनाच तशी आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात महसुली आणि भांडवली असे दोन भाग असतात. मोठ्या जतन प्रकल्पाला भांडवली खर्चात स्वतःच्या नावाची ओळ मिळते, बातमी होते, नगरसेवकाला दाखवायला काहीतरी मिळतं. दरवर्षी पन्हळ साफ करणं हे महसुली खर्चातल्या 'इमारत दुरुस्ती व देखभाल' अशा एखाद्या मोठ्या ओळीत विरघळून जातं. ज्याला ओळ नाही त्याला पाठीराखाही नसतो.

आणि ही काही माझी नवी शोधून काढलेली कल्पना नाही. १९२३ मध्ये जॉन मार्शल यांनी पुरातत्त्व खात्यासाठी जतनाची नियमपुस्तिका लिहिली, तिचा भर नव्यानं बांधण्यापेक्षा आहे ते टिकवण्यावर आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेत कायमस्वरूपी देखभाल ही जतनाची मूलभूत अट मानली आहे, आणि समाजोपयोगी वापरानं जतन सोपं होतं असंही म्हटलं आहे. नेदरलँड्समध्ये १९७३ पासून 'मोन्युमेंटेनवाख्त' नावाची व्यवस्था चालते. वास्तूचा मालक सभासद होतो, तपासनीस ठरावीक काळाने येऊन छप्पर, पन्हळ, लाकूड बघतात, बारीकसारीक दुरुस्ती तिथल्या तिथे करतात आणि अहवाल देतात. मोठा खर्च यायच्या आधी छोटा खर्च करायचा, एवढंच त्यामागचं तत्त्व आहे. आपल्या आजीनं दर वैशाखात कौलं शाकारून घेतली, त्यामागेही हेच होतं.

दुरुस्तीनंच नुकसान : चुना आणि सिमेंट

आता माझ्या अंगणातला मुद्दा. 'दुरुस्ती झाली' ही नोंदसुद्धा डोळे झाकून चांगली मानायची नाही.

पेशवाईतला वाडा चुन्यात बांधलेला असतो. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी घातलं की तो फसफसून विरतो. हा विरलेला चुना वाळूबरोबर घाणीत मळून भिंतीत वापरला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू पुन्हा शोषून घेतो आणि परत कॅल्शियम कार्बोनेट होतो. यातून जो थर तयार होतो तो तुलनेनं मऊ आणि सच्छिद्र असतो.

सच्छिद्र असणं हा इथे गुण आहे. या भिंतींच्या पायात आजच्यासारखा ओलरोधक थर नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी बारीक छिद्रांतून वर चढतं. चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर पडून वाळून जातं. त्याच भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलं की बाहेर जायची वाट बंद होते. पाणी आणखी वर चढतं, किंवा आतल्या मऊ विटांत साठतं. त्यात विरघळलेले क्षार प्लास्टरच्या मागे स्फटिक बनून साचतात, फुगतात आणि वीट भुसभुशीत करतात. यालाच आपण 'लोणा लागला' म्हणतो. बाहेरून भिंत गुळगुळीत आणि नवी दिसते, आतून पीठ होत असतं.

म्हणजे बघा, खर्चाच्या तक्त्यात या कामाची नोंद 'जतनावर खर्च' अशी होईल. खर्च जितका जास्त, तितकं जतन जास्त, असं गृहीत धरलेल्या संशोधकाच्या आलेखात हा वाडा वरच्या कोपऱ्यात बसेल. प्रत्यक्षात त्याचं आयुष्य कमी झालेलं असेल. पैसा किती गेला, याच्याबरोबरच निविदेत कुठलं साहित्य लिहिलं होतं, दर कशाचा धरला, सर्वात कमी दराच्या ठेकेदाराकडे चुन्यात काम करणारा गवंडी होता का, हे बघितल्याशिवाय खर्चाच्या आकड्याला अर्थ नाही.

एकच वाडा, दोन शिक्के

स्थानिक पातळीवरचा सर्वात अवघड गुंता आता येतो. इथे फक्त वास्तू नाही, माणसंही पणाला लागलेली असतात.

महापालिकेतला एक विभाग वारशाच्या यादीतून म्हणतो, हा वाडा पाडू नका. दुसरा विभाग पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींना नोटिसा देतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६४ आणि मुंबईत १८८८ च्या कायद्याचं कलम ३५४ हे त्यासाठीच आहे. दोन्ही विभाग आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाला वास्तू जपायची आहे, दुसऱ्याला माणसं वाचवायची आहेत. पण एकाच वाड्यावर दोन्ही शिक्के बसले की मधे अडकतो तो वाड्यातला माणूस. मालक म्हणतो, जुन्या भाड्यात एका वाशाचा खर्चही निघत नाही. भाडेकरू म्हणतो, एकदा बाहेर पडलो की परत यायला मिळेल याची हमी कोण देणार? वाडा पडला तर मालकाची जमीन मोकळी होते. म्हणजे देखभाल न करण्यात मालकाचा फायदा, आणि देखभाल करायची तर भाडेकरूच्या हातात हक्क नाही.

शनिवारवाड्याच्या आसपास यात आणखी एक थर चढतो. वाडा केंद्र संरक्षित आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनं संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण आलं. एका स्मारकाचा परिसर सांभाळण्यासाठी केलेला नियम शेजारच्या जुन्या, राहत्या घरांच्या पुनर्बांधणीला अडसर ठरतो, अशी तिथल्या रहिवाशांची तक्रार अनेक वर्षांची आहे. मुंबईत २०१२ मध्ये यादी वाढवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा शिवाजी पार्क परिसरातल्या रहिवाशांनीही विरोध केला. 'लोकांना वारशाची कदर नाही' असं म्हणून हे मोडीत काढणं सोपं आहे. पण विचार करा, यादीत आल्यावर मिळतात ती फक्त बंधनं, आणि छप्पर गळलं तर मदतीला कुणी येत नाही, असा अनुभव असेल तर विरोध करणाऱ्याला दोष कसा द्यायचा? जनजागृतीनं हा प्रश्न सुटत नाही. त्या माणसाला सगळं नीट माहीत आहे.

तज्ज्ञांचं मतही एकच नसतं. मुंबईतलं वॉटसन हॉटेल, म्हणजे आजचं एस्प्लनेड मॅन्शन, हे ओतीव लोखंडाच्या सांगाड्याचं. ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा १८९६ मधला खेळ तिथे झाला. २००५ मध्ये तिथला सज्जाचा भाग कोसळून माणूस दगावला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं इमारत रिकामी झाली. आयआयटी मुंबईच्या अहवालात ती पाडावी असं मत आलं, तर वास्तुजतन क्षेत्रातल्या लोकांनी त्याला विरोध केला. संशोधनाच्या विद्यार्थ्यानं इथे बाजू घ्यायची घाई करू नये. दोन्ही बाजूंनी काय मोजलं, कुठलं गृहीत धरलं, दुरुस्तीचा खर्च कशाशी ताडून बघितला, हे शोधावं. बहुतेक वेळा वाद निष्कर्षाचा दिसतो आणि असतो गृहीतकांचा.

पण हा पैसा इथेच का खर्चायचा?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. पाणी, गटारं, दवाखाने, शाळा बाकी असताना जुन्या भिंतीवर पैसे का घालायचे?

पुण्याच्या मंडईची गोष्ट इथे उपयोगी पडते. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी या मंडईवरच्या मोठ्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणासाठी वापरावा, असं त्यांचं म्हणणं होतं. तरीही मंडई झाली. १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून ती सुरू झाली, आणि पुढे तिला फुल्यांचंच नाव मिळालं. आज ती स्वतः शहराचा वारसा आहे.

यातून 'बघा, फुले चुकले' असा धडा काढू नका. त्यांचा प्रश्न आजही तसाच लागू आहे: नगरपालिकेच्या पैशाचा फायदा कुणाला होतो? मंडईकडे या कसोटीनं बघितलं तर ती टिकली यात रोजच्या वापराचा वाटा मोठा आहे. तिथे भाजी विकली जाते, गाळे आहेत, पहाटेपासून माणसांची ये-जा आहे. छत गळलं तर त्याच दिवशी बोंब होते. विश्रामबागवाड्याचंही तसंच. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९ च्या आगीत काही भाग जळाला, पुढे बरीच वर्षं नगरपालिकेचं कार्यालय तिथे होतं. वापर बदलत गेला, पण वाडा ओस पडला नाही. सुरूदार खांबांकडे बघणारे कमी असतील, पण जिना रोज कुणीतरी चढत होतं.

म्हणून माझं उत्तर असं आहे. वास्तू जपण्यासाठी पैसा मागायचा तर तो 'वैभवा'च्या नावानं मागू नये, वापराच्या नावानं मागावा. शाळा, वाचनालय, दवाखाना, बाजार यांपैकी काही जुन्या वास्तूत बसत असेल तर फुल्यांचा आक्षेप बराच कमी होतो. आणि दरवर्षीची देखभाल ही एकदाच्या मोठ्या कामापेक्षा हप्त्याहप्त्यानं परवडणारी असते. कुलूपबंद स्मारकासाठी मात्र तो आक्षेप पूर्ण उभा राहतो.

मग संशोधन कसं आखायचं?

आता कामाचं बोलू. हा विषय घ्यायचाच असेल तर पुढच्या पाच गोष्टी करून बघा.

१. प्रश्न बदला. 'महापालिकेची भूमिका काय?' हा प्रश्न मोजता येत नाही. 'महापालिकेच्या मालकीच्या आणि खाजगी वारसा वास्तूंमध्ये, मोठ्या दुरुस्तीनंतरच्या पाच वर्षांत अवस्था किती आणि का बदलते?' हा मोजता येतो.

२. अवस्था स्वतः मोजा. छप्पर, पन्हळ, भिंतीतली ओल, लाकूड, झाडांची मुळं असे पाच-सहा भाग घ्या, प्रत्येकाला ० ते ३ गुण द्या. दोन निरीक्षकांनी एकमेकांना न विचारता गुण द्यावेत आणि त्यांचं एकमत कोहेनच्या कप्पानं तपासावं. पाहणी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा करा. भिंतीवरचा पिंपळ मेमध्ये वाळका दिसतो, सप्टेंबरमध्ये खरा कळतो.

३. जे उरलं नाही तेही मोजा. फक्त आज उभ्या असलेल्या वास्तू घेतल्या तर पडलेल्या वास्तू नमुन्यातून आपोआप गळतात, आणि जतन आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. जुनी यादी घ्या. मुंबईसाठी १९९५ ची यादी हा तयार गट आहे. त्यातली प्रत्येक वास्तू आज कुठे आहे ते शोधा. वैद्यकीय संशोधनातलं सर्व्हायव्हल ॲनालिसिस इथे तसंच्या तसं वापरता येतं.

४. पैशाचा माग काढा. अंदाजपत्रकातल्या तरतुदीपेक्षा प्रत्यक्ष खर्च बघा. निविदा, कामाचं वर्णन, मोजमाप पुस्तिका मागवा. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, पण अपील धरून सहा महिने हाताशी ठेवा. अर्जात 'वारसा जतनाची माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. वास्तूचं नाव, आर्थिक वर्ष आणि कागदाचं नाव लिहा.

५. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. वारशाची यादी आणि धोकादायक इमारतींची यादी पत्त्यानुसार जुळवा. किती वास्तू दोन्हीकडे आहेत, आणि नोटीस मिळाल्यावर त्यांचं काय झालं? एवढंच नीट केलंत तरी एक चांगला शोधनिबंध होईल. मात्र इथे राहत्या माणसांच्या घराचा प्रश्न आहे हे विसरू नका. तुमच्या नकाशातला लाल ठिपका उद्या कुणाला घर रिकामं करायला लावू शकतो. पत्ते प्रसिद्ध करायचे की नाहीत, हे विद्यापीठाच्या नैतिकता समितीपुढे आधी मांडा.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. अवस्थेचे गुण काढून सौंदर्य मोजता येत नाही, आठवणी तर नाहीच. एखादा वाडा सहा गुणांनी घसरला तरी तिथल्या लोकांसाठी तो तेवढाच मोलाचा असू शकतो, त्यासाठी मुलाखतींचं वेगळं काम करावं लागेल. पण निदान 'जतन झालं' असं लिहिताना तुमच्याकडे भिंतीचा पुरावा असेल.

शेवटी एक लहानसा अभ्यास. तुमच्या गावातली महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या मालकीची एक जुनी वास्तू निवडा. शाळा, चावडी, वाचनालय, काहीही चालेल. शेवटचं मोठं काम कुठल्या वर्षी झालं ते शोधा. ते बहुतेक फलकावर लिहिलेलं असेल. मग शेवटची पन्हळ कधी साफ झाली ते शोधा. पहिलं उत्तर पाच मिनिटांत मिळेल. दुसरं मिळायला किती दिवस आणि किती टेबलं लागली, याची नोंद ठेवा. ती नोंद आराखड्याच्या पहिल्या पानावर घाला, गाइडशी बोलायला तुमच्याकडे खरा प्रश्न असेल.